कुठली पिशवी?

चंदना पट्टा लावून आली ती पेढ्यांचा पुडा हातात घेऊनच. जयसिंगपूरच्या अकराव्या गल्लीत मगदूमांच्या घरी पेढे यायला तसं निमित्त लागत नाही. पण पोटात गाठ निघाली म्हणून पेढे वाटणारी बाई त्या गल्लीनंही पहिल्यांदाच पाहिली. गाठ साधी आहे, भ्यायचं कारण नाही, असं पट्ट्यानं सांगितलं होतं. आठवडाभर घरात कुणी धड जेवलं नव्हतं, आणि आता चंदनाचा नवरा अभिनंदन दोन-दोन पेढे एकदम तोंडात टाकत होता.

डॉक्टर त्रिशला मगदूम ही चंदनाची थोरली जाऊ. नवरा गेल्यापासून ती धाकट्या दिराच्याच घरात राहायची, आणि दोघी जावा अशा गुण्यागोविंदानं राहायच्या की ते बघून गल्लीतल्या निम्म्या सासवांना पोटशूळ उठायचा. त्रिशलानं पेढा घेतला, कपाळाला लावला, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की गाठ कुठल्या अंगाला आहे म्हणाला.

"अंगबिंग कुठं सांगतोय तो, अक्का," चंदना म्हणाली. "साधी आहे म्हणाला. झालं की."

खरंच होतं ते. पट्टा अंग सांगत नाही, आकार दाखवत नाही, कागद देत नाही. पट्टा बघतो, सांगतो आणि विसरतो.

आता हा पट्टा काय प्रकार, ते सांगायला हवं. पूर्वी सोनोग्राफी होती. पोटावर यंत्र फिरवायचं, त्यातून माणसाला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा, तो आतल्या अवयवांवर आपटून परत आला की पडद्यावर करडं-काळं चित्र उमटायचं, आणि ते डॉक्टरनं डोळ्यांनी वाचायचं. पुढं ही यंत्रं फोनाएवढी झाली आणि शहाण्यासुरत्या माणसांच्या खिशात गेली. मग काय विचारता! पोटातल्या पोरी पुन्हा घाऊक मरायला लागल्या. धाडी झाल्या, यंत्रांना सीलं लागली, भाषणं तर ढिगानं झाली, आणि पोरी मरतच राहिल्या. शेवटी पट्टा आला. मऊ, वीतभर रुंद, आतल्या बाजूनं बारीक टिकल्यांसारखे हजारो कान लावलेला. तो पोटाला गुंडाळायचा. चित्र त्याच्या आतच तयार होतं, तोच ते वाचतो, काय आहे ते बोलून सांगतो आणि चित्र पुसून टाकतो. माणसाची नजर पोटात पडलीच नाही, तर मुलगा की मुलगी हे कळणार कुणाला? त्या वर्षीच कायदा झाला. ओटीपोटाचं कुठलंही चित्र, छोट्या यंत्रातलं असो की मोठ्या, माणसानं बघायचं नाही. लोक त्याला चित्रबंदी म्हणू लागले.

आणि पोरी जगल्या. हे कबूल करायलाच हवं. जयसिंगपूरच्या शाळेत पहिलीच्या वर्गात मुलांपेक्षा मुली जास्त दिसल्या, तेव्हा त्रिशला शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून रडली होती. तिच्या सोनोग्राफीच्या दवाखान्यात "पेढा की जिलेबी तेवढं सांगा" म्हणत येणाऱ्यांना तिनं आयुष्यभर दारातून हाकललं होतं. कायद्यासाठी ती मोर्च्यात चालली. तिच्या यंत्राला लाखेचं सील लावायला सरकारी माणसं आली, तेव्हा लाख वितळवायला मेणबत्ती हिनंच पेटवून दिली. एवढंच नाही, पट्ट्याला मराठी शिकवायचं काम निघालं तेव्हा डॉक्टरांच्या मंडळात ही होती. पट्टा तपासण्याआधी बाईशी बोलतो, तिला आधीचं काय दुखणं होतं ते विचारतो, आणि आमच्या बायका कशा बोलतात ते त्याला कुणीतरी सांगायला नको?

तर अशा या त्रिशलाला पट्ट्यावर संशय घ्यायचं काही कारण नव्हतं. पण वाईट खोड एक असते डॉक्टरांना, हात स्वस्थ बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी चंदनाला तिनं तपासणीच्या टेबलावर आडवी केली. चंदना आधी लाजली, मग गुदगुल्या होतात म्हणून हसली, आणि मग अक्कांचा चेहरा बघून गप्प झाली.

बोटांना डाव्या बाजूला गाठ लागली. मोसंबीएवढी. टणक, पण सगळीकडून सारखी टणक नाही, मध्येच खडबडीत. त्रिशलानं गर्भाशय बोटानं हळूच हलवून पाहिलं. गाठ त्याच्याबरोबर हलली नाही.

ही खूण फार जुनी, पडदेबिडदे नव्हते तेव्हापासूनची. गर्भाशय म्हणजे मुठीएवढा स्नायू. त्या स्नायूतच कधीकधी गाठी धरतात. तिशी-चाळिशीतल्या कितीतरी बायकांना असतात त्या, आणि जवळजवळ सगळ्या निरुपद्रवी. त्रास देतात, रक्त जातं, पण जीव घेत नाहीत. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना अंडाशय असतात, बदामाएवढे. तिथली गाठ वेगळी. तीही साधी असू शकते, पण नसली, तर ती चोरासारखी वाढते. कळते तेव्हा पोटभर पसरलेली असते. आता अडचण अशी, की गर्भाशयाची एखादी गाठ देठावर लोंबत बाजूला जाऊन अंडाशयाला खेटून बसते, आणि अंडाशयाची टणक गाठ गर्भाशयाला चिकटून बसते. चित्रात दोघी जुळ्या बहिणींसारख्या. मग खुणा शोधायच्या. गर्भाशयातून गाठीत जाणाऱ्या रक्तवाहिन्या पुलासारख्या दिसल्या तर ती गर्भाशयाची. बाजूला धडधाकट अंडाशय वेगळा सापडला तरीही ती गर्भाशयाचीच. पण चंदनासारखी बाई पाळी जायच्या वयाची असली, की अंडाशय सुकून एवढेसे होतात, सापडत नाहीत. आणि बोटाची खूण? देठावरची गाठही गर्भाशयाबरोबर हलत नाही. म्हणजे त्रिशलाला बोटांनी जे सांगितलं ते खरंही होतं आणि काहीच नव्हतंही.

पडद्यावर नुसतं एकदा बघायला मिळालं असतं, तर हातातलं यंत्र वाकडं करून, तिरपं करून, चंदनाला कुशीवर वळवून तिनं त्या वाहिन्या शोधल्या असत्या. असं ती हजारदा करून चुकली होती. आता बोटं पुसत ती चंदनाला म्हणाली, की पुन्हा एकदा पट्टा लावू, दुसऱ्या गावाला.

मिरजेला लावला. पट्टा म्हणाला, गर्भाशयाची गाठ, निरुपद्रवी, सहा महिन्यांनी या. इचलकरंजीला लावला, तिथंही तेच, शब्दही तेच. अभिनंदन आता कुरकुरायला लागला. तीन यंत्रं एक सांगतात आणि वहिनी एक सांगतात, असं त्यानं चंदनाला म्हटल्याचं त्रिशलाच्या कानावर आलं. तिनं रक्त तपासून घेतलं. रक्तातला एक पदार्थ वाढलेला निघाला, थोडा. पण तो गर्भाशयाच्या साध्या गाठीतही वाढतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

मग ती चंदनाला घेऊन सांगलीला डॉक्टर रियाज मुल्लाणींकडे गेली. कर्करोगाचे मोठे सर्जन, आणि एकेकाळी हिच्या हाताखाली सोनोग्राफी शिकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, स्वतः चंदनाचं पोट तपासलं, आणि हात धुतले. त्यांच्याही बोटांना तेच लागलं होतं. पण दुसरा कायदा आडवा होता, आणि तोही चांगलाच कायदा होता. गरीब बायकांच्या पिशव्या कारण नसताना काढून टाकायचा बाजार या राज्यानं पाहिला होता; उसाच्या फडातल्या तरण्याताठ्या बाया पिशवी काढून कामाला लावल्या होत्या. म्हणून आता पट्ट्यानं निरुपद्रवी म्हटलेल्या गाठीसाठी कुणीही पोट उघडायचं नाही. दुर्बिणीनंही नाही.

"मॅडम, मी उघडलं आणि साधी निघाली, तर मी आत," मुल्लाणी म्हणाले. "आणि वाईट निघाली तरी मी आतच. परवानगी कुठं होती? तुम्ही लवादाकडे अर्ज करा. पट्ट्यानं असं का ठरवलं ते ऐकायचा तुमचा हक्क आहे. तारीख मिळेल."

तारीख मिळेल, असं म्हणताना त्यांनी खाली बघितलं. लवादाची तारीख दिवाळीनंतरची मिळाली.

त्रिशला काय करणार होती? पट्ट्याला शिव्या द्याव्यात, तर तो तिनंच आणला होता. कायद्याला द्याव्यात, तर तो तिनंच मागितला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती रोज चंदनाला विचारायची, दुखतं का, फुगतं का, आणि चंदना रोज म्हणायची, तसं काही नाही. आमच्या बायकांचं 'तसं काही नाही' म्हणजे किती काय असतं, हे डॉक्टरला माहीत असूनही वेगळं काय विचारायचं ते तिला सुचत नसे.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. मगदूमांच्या घरी त्या दिवसांत सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, आणि ज्याला झेपेल तो एकाशन धरतो, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं. चंदनाला उपास कधी झेपले नव्हते. दुपारी चार वाजता चिवड्याच्या डब्यात हात घालायची ती बाई. यंदा तिनं सगळं पर्व एकाशन केलं, आणि त्या एका जेवणातही अर्धी भाकरी बाजूला सारली. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, बायकांनी तिची ओटी भरली. अभिनंदनला केवढा अभिमान वाटला. पर्वाच्या शेवटी सगळे एकमेकांची क्षमा मागतात तेव्हा चंदना त्रिशलाच्या पाया पडून म्हणाली, की यंदा कसं कोण जाणे, भूकच लागली नाही ओ अक्का, देवानंच करवून घेतलं.

त्रिशलानं तिला उठवून उभी केली आणि तिच्या पोटाकडे बघितलं. चार घास खाल्ले की पोट भरणं ही अंडाशयाच्या वाईट गाठीची खूण, हे तिनं पुस्तकात कितीदा वाचलं होतं, आणि पर्वाच्या भरात, तोंडावर कौतुक करताना, तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना तिनं दवाखान्याचं जुनं दार उघडलं. यंत्र कोपऱ्यात चादरीखाली होतं. त्याच्या बटणावर लाखेचं सील होतं, तिच्याच मेणबत्तीचं. ते फोडणं म्हणजे तुरुंग, हे तिला नीट माहीत होतं. तिनं भाजी चिरायच्या सुरीनं ते फोडलं. चंदनाला टेबलावर झोपवलं, पोटाला जेली लावली आणि बटण दाबलं. पडदा उजळला. एवढ्या वर्षांनी तो करडा उजेड खोलीत पडला. मग पडद्यावर एकच ओळ आली, या यंत्राची नोंदणी रद्द करण्यात आली आहे, आणि पडदा काळा झाला. तिनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच ओळ. वायर काढून लावली, ठोकून बघितलं, वेड्यासारखी पाच-सहा वेळा बटण दाबत राहिली.

"असू द्या अक्का," चंदना उठून बसत म्हणाली. "तुम्ही नका एवढं मनाला लावून घेऊ. साधीच आहे ती. तुम्हीच नव्हं का सांगितलेलं?"

हे शेवटचं वाक्य त्रिशलानं ऐकलं आणि सोडून दिलं. मी कधी सांगितलं, असं तेव्हा विचारलं असतं, तर दोन महिने वाचले असते. पण तिला वाटलं, चंदना आपली समजूत घालतेय.

दिवाळी झाली. करंज्यांचं पुरण चंदनानं ढवळलं, पण चाखलं नाही. लवादाच्या तारखेला सकाळी निघण्याआधी त्रिशलानं तिच्या पोटावर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं टिचकी मारली. ढोलासारखा पोकळ आवाज यायला हवा तिथं भरलेल्या घागरीसारखा बद्द आवाज आला. कुशीवर वळवून पुन्हा टिचकी मारली. बद्द आवाजाची जागा सरकली. पोटात पाणी झालं होतं. आता पट्ट्याच्या निदानाची गरजच नव्हती. सुईनं ते पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की उत्तर मिळणार होतं, आणि ते उत्तर तिला ठाऊक होतं. तिनं मुल्लाणींना फोन केला, चंदनाला भाच्याबरोबर सांगलीला धाडलं, आणि स्वतः अभिनंदनच्या गाडीत बसून कोल्हापूरला लवादाकडे गेली. आता जाऊन काय उपयोग, असं अभिनंदननं विचारलं नाही, कारण पाणी म्हणजे काय ते त्याला अजून कळलेलं नव्हतं. त्रिशलाला मात्र जायचंच होतं. तीन-तीन वेळा कसं चुकलं, हे कळल्याशिवाय तिला श्वास घेता येणार नव्हता.

लवाद म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि एक सभ्य तरुण अधिकारी. अभिनंदन बाहेर बाकावर बसला. अधिकाऱ्यानं समजावून सांगितलं, की चित्र पुसलेलं असतं, ते कुणालाच मिळणार नाही. पण बाई जे बोलते ते पट्टा विसरत नाही. ते सगळ्या पट्ट्यांना मिळून एकच लक्षात असतं, म्हणून मिरज काय आणि इचलकरंजी काय. चंदनाच्या वेळी रक्तवाहिन्या नीट दिसल्या नव्हत्या, अंडाशय सापडला नव्हता. पारडी अगदी समसमान होती. अशा वेळी बाईचं बोलणं पट्टा जमेला धरतो. कांदे तोलताना पारडं अडलं की दुकानदार वर एक मिरची टाकतो ना, तसं, असं म्हणून तो हसला. मग त्यानं ती मिरची ऐकवली.

पट्ट्याचा गोड बाईमाणसाचा आवाज आला. पूर्वी पोटाचं काही दुखणं होतं का, ताई?

"तसं काही नाही ओ," चंदनाचा आवाज म्हणाला. "मागं एकदा, आमची लेक लहान होती तेव्हा, पिशवीची गाठ निघालेली. डाव्या अंगाला. आमच्या अक्कांनी स्वतः बघितलीय मशीनवर. साधी आहे म्हणाल्या, भ्यायचं कारण नाही. त्या डॉक्टर आहेत, कधी चुकत नाहीत."

"गर्भाशयाची जुनी गाठ, डावीकडे, तज्ज्ञ डॉक्टरांनी पाहिलेली. बरोबर, ताई?"

"हां हां, तेच की," चंदना म्हणाली.

"नोंद केली. धन्यवाद."

त्रिशलानं अधिकाऱ्याला ते पुन्हा लावायला सांगितलं. ऐकताना तिला दवाखान्यातली ती दुपार दिसत होती, चंदनाच्या लेकीचं लाळेरं दिसत होतं, आणि पडद्यावरचं चित्रही. डाव्या अंडाशयावर द्राक्षाएवढी पाण्यानं भरलेली पिशवी होती ती. पाळीच्या दिवसांत होतात तसल्या, आपोआप जिरतात. तिनं चंदनाला सांगितलं होतं, छोटी पिशवी झालीय पाण्याची, गाठच म्हण, साधी आहे, भ्यायचं कारण नाही. आणि ती खरोखरच साधी होती. दोन महिन्यांत जिरलीही होती. त्रिशला चुकली नव्हतीच. चंदनानं फक्त तिचा शब्द जपून ठेवला, डब्यात ठेवतात तसा, आणि पट्ट्यानं विचारल्यावर काढून दिला.

आणि पट्ट्याला काय माहीत? त्याला जे शिकवलं तेच तो बोलणार. पट्ट्याला मराठी शिकवणाऱ्या पुण्याच्या त्या मंडळात शहरातले डॉक्टर म्हणत होते, गर्भाशय हाच शब्द ठेवा. तेव्हा त्रिशला उठून भांडली होती. आमच्या बायका गर्भाशय म्हणत नाहीत, गर्भाशय पुस्तकात असतं, बाई 'पिशवी' म्हणाली की गर्भाशय समजा, असं तिनं टेबलावर हात आपटून सांगितलं होतं आणि सगळ्यांकडून मान्य करून घेतलं होतं. त्या वेळी तिला केवढा आनंद झाला होता. अंडाशयातल्या पाण्याच्या फुग्यालाही आपण पिशवीच म्हणतो, दिवसातून दहा वेळा म्हणतो, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. जो शब्द सारखा आपल्याच तोंडात असतो तो आपल्याला ऐकू येत नाही.

पाच महिने ती ज्या निदानाशी भांडली, ते तिचं स्वतःचंच निदान होतं.

अधिकारी चांगला होता. त्यानं लगेच दुरुस्ती केली, आणि सगळ्या पट्ट्यांना यापुढे नीट विचारायला सांगू म्हणाला. मोठंच काम झालं म्हणाला, किती बायकांचं भलं होईल. त्रिशलानं हात जोडले.

परतताना हातकणंगल्याच्या अलीकडे तिनं अभिनंदनला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सगळं सांगितलं. पाणी म्हणजे काय, ते सांगितलं. पिशवी म्हणजे काय, तेही सांगितलं. तो स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिला. बाजूनं उसाच्या गाड्या चालल्या होत्या. त्यानं शिव्या दिल्या असत्या, गाडीतून उतरवलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. तिनं म्हटलं, की मी तिची क्षमा मागते, आज घरी गेल्यावरच मागते.

"नको वहिनी," अभिनंदन म्हणाला. "ती तुमच्या भरवशावर उभी आहे. पट्ट्यावर नाही, माझ्यावर नाही, देवावरही नाही. तेवढा एक भरवसा तिच्याकडनं काढून घेऊ नका."

म्हणजे क्षमा मागायची वाटही बंद झाली.

काढलेल्या पाण्यात कर्करोग सापडला, तेव्हा कायदा बाजूला झाला आणि मुल्लाणींनी पोट उघडलं. डाव्या अंडाशयाची गाठ होती ती. तिच्या बिया आतड्यांवर, यकृताखाली, सगळीकडे पडल्या होत्या. निघेल तेवढं काढलं. उरलेल्यासाठी सलाईनमधून औषधं सुरू झाली. चंदनाचे केस गेले, मग भुवया गेल्या. ज्येष्ठात उघडलं असतं तर, असं मुल्लाणी एकदा बोलायला लागले आणि त्रिशलाकडे बघून थांबले. ती रोज दवाखान्यात जायची, चंदनाच्या पायांना तेल लावायची, तिच्यासाठी मुगाचं कढण न्यायची. चंदना दोन चमचे घ्यायची आणि म्हणायची, अक्कांच्या हातचं म्हणून जातंय तरी. आणि त्रिशला वाटी धुवायला म्हणून नळाशी जाऊन उभी राहायची.

पौषात पाणी पुन्हा भरलं. चंदनाला श्वास पुरेना. पाणी काढायचं तर सुई कुठं टोचायची, आतडं कुठं आहे, हे बघायला हवं. आणि पोटात बघायचा अधिकार पट्ट्यालाच. नर्सनं पट्टा आणला आणि चंदनाच्या तट्ट फुगलेल्या पोटाला गुंडाळला. त्रिशला उशाशी उभी होती. अभिनंदन दाराशी होता, आत यायचा त्याला धीर होत नव्हता.

नियम म्हणजे नियम. सुईसाठी असला तरी पट्टा आधी विचारणारच. पूर्वी पोटाचं काही दुखणं होतं का, ताई, असं त्यानं त्याच गोड आवाजात विचारलं.

चंदनाला हसू आलं. काय विचारतोय बघा, असं तिनं डोळ्यांनीच त्रिशलाला म्हटलं. मग थांबत थांबत म्हणाली, की पिशवीचंच की ओ.

"कुठली पिशवी, ताई?" पट्ट्यानं विचारलं. "बाळाची, की पाण्याची?"

हा प्रश्न आता राज्यातल्या प्रत्येक पट्ट्यात होता. कोल्हापूरच्या त्या अधिकाऱ्यानं शब्द पाळला होता. चंदनाला तो काही कळला नाही. तिनं मान वळवली, त्रिशलाचा हात चाचपून धरला आणि दमलेल्या आवाजात पट्ट्याला म्हणाली,

"ते आमच्या अक्कांना विचारा. त्या कधी चुकत नाहीत."

पट्ट्यानं पुन्हा विचारलं, कुठली पिशवी, ताई. नर्स वाट बघत होती. चंदना अक्कांच्या तोंडाकडे बघत होती, लहान मूल गणिताचं उत्तर बरोबर आलं का बघतं तशी. त्रिशलानं एकदा पट्ट्याकडे बघितलं. मग तिनं चंदनाचा हात घट्ट धरला.

"पाण्याची," ती म्हणाली.

"नोंद केली. धन्यवाद," पट्टा म्हणाला, आणि सुई कुठं टोचायची ते त्यानं नर्सला सांगितलं.